जायफळ औषध म्हणून वापरायचं तर उगाळूनच, आणि मोजून

जायफळाचं घरगुती औषध करायचं असेल तर आधी ती तयार पावडरची डबी बाजूला ठेवा. अख्खं जायफळ आणा आणि सहाणेवर उगाळा. पावडर केली की त्यातलं सुगंधी तेल हळूहळू उडून जातं आणि चमच्याने घेतलं की किती गेलं ते कळतही नाही, उगाळताना कसं एका वेढ्यात, म्हणजे सहाणेवर एकदा गोल फिरवलं की, अगदी नखावर मावेल एवढंच निघतं. औषधाला तेवढंच पुरतं.

घेताना बघून घ्या, हाताला जड लागलं पाहिजे, भोकं नकोत, नखाने खरवडलं की तेलकट दिसून लगेच वास यायला हवा. बुरशी लागलेलं सरळ फेका, भाजून बिजून चालवू नका, बुरशीचं विष उष्णतेने सहज जात नाही.

झोप लागत नसेल तर कोमट दुधात १-२ वेढे, झोपायच्या तासभर आधी. रोजची सवय नको. जुलाबात पाण्यात उगाळून तेवढंच, आयुर्वेदात जायफळ ग्राही म्हणजे मल बांधणारं मानतात, पण मुख्य उपचार ओआरएसच बरं का, जायफळ जोडीला. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर जुलाब थांबवायच्या मागे न लागता डॉक्टरकडे जा.

सर्दीने डोकं जड झालं तर कपाळाला पातळ लेप लावतात. चेहऱ्यावरच्या डागांना दुधात उगाळून लावतात, पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, आग झाली नाही तरच चेहऱ्याला, आणि १०-१५ मिनिटांत धुवून टाका. डाग पुसून टाकेल अशी आशा धरून महिनोन्महिने चोळत बसू नका, त्वचा उगाच चिडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक जायफळ साधारण ५ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि तेवढं पोटात गेल्यावर विषबाधा झालेली आहे लोकांना. त्यातलं मायरिस्टिसिन नावाचं द्रव्य जास्त झालं की मळमळ, धडधड, तोंडाला कोरड, भ्रम, आणि हे लगेच होत नाही, काही तासांनी सुरू होतं, म्हणून "काहीच फरक नाही" म्हणत माणूस अजून घेतो आणि तिथेच घोळ होतो. पहिल्या डोसवर दुसरा डोस अजिबात नको.

गरोदर बायकांनी औषध म्हणून घेऊ नये. झोपेच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तान्ह्या बाळाच्या गुटीत पूर्वापार घालतात हे खरंय, तरी मी म्हणेन नकोच, हाताच्या जोरावर वेढा कमीजास्त होतो आणि एवढ्याशा जिवाला तो फरक खूप असतो, शिवाय सहाण स्वच्छ नसेल तर जंतू वेगळेच.

कोणी चुकून जास्त खाल्लंच तर घरी उलटी करवू नका, त्रास सुरू व्हायची वाट न बघता दवाखान्यात न्या आणि किती खाल्लं, कधी खाल्लं ते नीट सांगा.