गमतीचा कपडा कारखान्यात शिवून घेताना या चुका टाळा

बाह्या असलेले पांघरूण, हुडात दडलेली उशी किंवा उबेने रंग बदलणारा टीशर्ट, अशा गमतीच्या कपड्यांत नवी गोष्ट बहुधा एकच असते आणि बाकीचा कपडा नेहमीचाच असतो. तरीही पहिला पैसा लोगो, लेबल आणि वेष्टणावर खर्च होतो, आणि ज्या भागासाठी ग्राहक पैसे मोजणार आहे त्याची परीक्षा सर्वांत शेवटी होते.

ही परीक्षा धुलाईपासून सुरू व्हावी. अमेरिकेतील जेनेरा कंपनीने १९९१ मध्ये आणलेले हायपरकलर टीशर्ट अंगाच्या उबेने रंग बदलत आणि ते झपाट्याने खपले. परंतु गरम पाण्यात धुतल्यावर किंवा इस्त्री केल्यावर त्यातील रंगद्रव्य बिघडे आणि सारी गंमतच संपे. म्हणून पूर्ण कपडा शिवण्याआधी नवा भाग कापडाच्या तुकड्यावर बसवावा, तो तुकडा वारंवार धुवावा, ओढून पाहावा, आणि भाग सैल पडलाच तर दोष जोडणीचा, कापडाचा की सुट्या भागाचा हे तिथेच शोधावे.

कारखान्याला एक छायाचित्र पाठवून ‘असेच काहीसे हवे’ असे सांगणे फार महागात पडते, कारण जे लिहून दिलेले नाही ते कारखाना आपल्या सवयीप्रमाणे करतो आणि त्यात त्याची चूकही नसते. टेक पॅकमध्ये, म्हणजे कारखान्याला द्यायच्या लेखी तपशिलात, प्रत्येक माप व त्यात चालणारा फरक, कापडाचा जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन), शिलाईचा प्रकार, झिप-बटणांचा तपशील आणि नवा भाग कोणत्या क्रमाने जोडायचा हे आकृतीसह असावे. मापे बरोबर असूनही पहिल्या धुण्यानंतर कपडा आखूड किंवा घट्ट होत असेल, तर पॅटर्न (कापड कापण्याचा साचा) आखताना कापडाचे आटणे धरलेले नसते. तयार कपड्याची रुंदी ५६ सेंटिमीटर हवी असेल आणि कापड ५ टक्के आटत असेल, तर पॅटर्न सुमारे ५९ सेंटिमीटरचा लागतो.

नमुना सुरेख आला पण माल तसा आला नाही, ही तक्रार नेहमीची आहे. पहिला नमुना बहुधा एकच अनुभवी कारागीर हाताशी असलेल्या कापडातून शिवतो, तर ऑर्डरचे काम अनेकांच्या हातून आणि वेगळ्या रंगाईच्या लॉटमधून होते. त्यामुळे प्रत्यक्ष ऑर्डरचेच कापड, धागा आणि सुटे भाग वापरून आणखी एक नमुना मागवावा, दोन्ही बाजूंनी त्यावर सही करून एकेक प्रत जपून ठेवावी, आणि त्यानंतरच कटिंगला परवानगी द्यावी.

रंगांचा मोह आवरावा. ५ साइज आणि ४ रंग म्हणजे २० प्रकार. ३०० नगांच्या ऑर्डरमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १५ नग येतात. शिवाय कापड खास रंगवून घ्यायचे तर गिरणीची किमान ऑर्डरची मर्यादा वेगळी सांभाळावी लागते. सुरुवातीला तयार साठ्यातील एक-दोन रंग पुरेत.

पेटंटचा विचार असेल तर कल्पना लोकांना दाखवण्याआधी अर्ज करावा, कारण अनेक देशांत आधी जाहीर झालेली गोष्ट नवी मानली जात नाही. संरक्षणही बहुतेकदा त्या एका नव्या भागालाच मिळते: अमेरिकेतील शिंपी जेकब डेव्हिस आणि कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना १८७३ मध्ये मिळालेले पेटंट ताण पडणाऱ्या जागी रिव्हेट (धातूची छोटी खिळी) ठोकण्याचे होते, पँट या वस्तूचे नव्हते.

निर्यात करायची असेल तर वस्तू कोणत्या वर्गात मोडते हे किंमत ठरवण्याआधी विचारून घ्यावे. स्नगी हे बाह्यांचे पांघरूण कपडा आहे की ब्लँकेट, हा वाद अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेला, आणि २०१७ मध्ये ते ब्लँकेट ठरल्याने त्यावर १४.९ टक्क्यांऐवजी ८.५ टक्के आयात शुल्क लागू झाले. लहान मुलांसाठीच्या कपड्यांत नियम अधिक कडक असतात. युरोपीय मानकानुसार ७ वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत हुडाला किंवा गळ्याला ओढदोरी चालत नाही, त्यामुळे नावीन्य नेमके त्या दोरीतच असेल तर रचना कागदावर असतानाच बदलावी.