रेंज फुल, तरी नेट चालेना: आरएफ ऑप्टिमायझेशनमध्ये (मोबाइल नेटवर्कचा सिग्नल सुधारण्याच्या कामात) नव्याने येणाऱ्यांसाठी

तक्रार ठरलेली असते: "रेंज फुल दाखवतंय, पण नेट चालत नाही." नवा इंजिनिअर ड्राइव्ह टेस्टचा (गाडीतून फिरत सिग्नल मोजण्याचा) लॉग उघडतो, आरएसआरपी उणे 80 डीबीएम बघतो आणि 'कव्हरेज ओके' असा शेरा मारून मोकळा होतो. त्याच चौकात एसआयएनआर शून्याखाली असतो, तिकडे लक्षच जात नाही. आरएसआरपी म्हणजे नुसता सिग्नलचा जोर. शेजारच्या सेलच्या (एका अँटेनाच्या टापूच्या) गोंगाटात तो टिकतो का, ते एसआयएनआर सांगतो. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवूनच बघा.

दाट शहरात पॉवर वाढवून काही हाती लागत नाही. सगळ्या सेलची पॉवर 3 डीबीने वाढवली तर गोंगाटही तेवढाच वाढतो. अँटेना झुकवावी लागते. अँटेना 30 मीटर उंच आणि टिल्ट (खाली झुकवण्याचा कोन) 2 अंश असेल, तर बीमचा मध्य सपाट जमिनीवर सुमारे 860 मीटरवर टेकतो. 6 अंशांवर 285 मीटरवर. पुढची साइट 500 मीटरवर असताना 2 अंश ठेवणं म्हणजे आपला केर शेजाऱ्याच्या दारात लोटणं. आधी इलेक्ट्रिकल टिल्ट (अँटेना न हलवता नुसता बीम झुकवणं) वापरा. मेकॅनिकल टिल्ट (अँटेनाच झुकवणं) फार दिला की समोरचा बीम दबतो, पण बाजूंना तेवढा दबत नाही आणि पाठीमागचा वर उठतो. एका वेळी 2 अंशच बदला आणि पुन्हा ड्राइव्ह करा, नाहीतर इमारतींच्या आतलं कव्हरेज जातं.

टिल्ट ठीक असूनही एसआयएनआर खराब असेल, तर पहाटे 3 च्या सुमारास तीच चक्कर मारा. लोड उतरल्यावर आकडे सुधारले तर दोष ट्रॅफिकचा. तेव्हाही तसेच राहिले तर पीसीआय (सेलचा ओळख क्रमांक) तपासा. एलटीईत (4जी) पीसीआय 504 आहेत, पण एकमेकींसमोरच्या दोन सेलच्या पीसीआयला 3 ने भागून बाकी सारखी उरली, तर दोन पोर्टच्या अँटेनांचे रेफरन्स सिग्नल (फोन ज्यावरून सेल मोजतो ते) एकमेकांवर आदळतात. एकाचा पीसीआय बदलायचा आणि शेजाऱ्यांच्या यादीतही तो अपडेट करायचा. हे दुसरं काम हमखास राहतं आणि मग हँडओव्हर (फोन एका सेलवरून दुसऱ्या सेलवर जाणं) पडायला लागतात.

अपलिंकचा (फोनकडून टॉवरकडे येणाऱ्या सिग्नलचा) त्रास ड्राइव्ह टेस्टमध्ये नीट दिसत नाही, तो काउंटरमध्ये (नेटवर्कने स्वतः नोंदवलेल्या आकड्यांत) शोधावा लागतो. रिकाम्या सेलमध्ये प्रत्येक रिसोर्स ब्लॉकमागे (फ्रिक्वेन्सीच्या छोट्या तुकड्यामागे) नॉइज साधारण उणे 118 डीबीएम असतो. तो उणे 105 वर चढला असेल, तर रात्री डाउनलिंकची (टॉवरकडून फोनकडे) पॉवर 3 डीबीने उतरवून बघा. नॉइज 7-8 डीबी पडला तर पीआयएम (आपलेच सिग्नल सदोष जोडात किंवा गंजात मिसळून होणारा गोंगाट): सैल कनेक्टर, पाणी शिरलेला जंपर (अँटेनाला जोडणारी छोटी केबल) किंवा अँटेनासमोरचा गंजलेला पत्रा. ढिम्म हलला नाही तर स्रोत बाहेरचा, आणि तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी गच्चीवरचा विनापरवाना बूस्टर असतो. डायरेक्शनल अँटेना आणि स्पेक्ट्रम अॅनालायझर घेऊन निदान तीन ठिकाणांहून दिशा घ्या. सापडला तर मालकाशी हुज्जत घालत बसू नका. लोकेशन आणि स्क्रीनशॉट वरिष्ठांकडे द्या. कारवाई दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनमार्फत होते.