मित्रमंडळींसह फुलांच्या शेतावर एक दिवस

फुलांच्या शेतावर जाण्याचा बेत बहुधा सर्वांची सवड पाहून आखला जातो, आणि नेमकी तिथेच गफलत होते. सर्वांना सोयीची म्हणून अकराची वेळ ठरते, पोहोचेपर्यंत दुपार होते आणि तोवर फुलांनी माना टाकलेल्या असतात. रात्रभर दांड्यांमध्ये भरलेले पाणी उन्हाबरोबर कमी होत जाते, त्यामुळे सकाळी तोडलेले फूल दुपारी तोडलेल्या फुलापेक्षा अधिक टिकते. म्हणून ऊन चढण्यापूर्वी शेतावर पोहोचता येईल अशा बेताने निघावे. उशिरा उठणाऱ्या मित्राला अर्धा तास आधीची वेळ सांगण्यात काही गैर नाही.

निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी शेतमालकांना फोन करावा. या आठवड्यात कोणती फुले बहरात आहेत, फुले स्वतः तोडता येतात की केवळ पाहता येतात, दर नगावर आहे की जुडीवर, एवढे विचारून घ्यावेच. पण सर्वांत महत्त्वाचा आणि हमखास राहून जाणारा प्रश्न फवारणीचा असतो. फवारणीनंतर औषधाच्या वेष्टनावर दिलेला अवधी उलटेपर्यंत शेतात शिरायचे नसते. आपण किती जण येणार, हेही आधीच कळवावे.

सोबत फार काही लागत नाही. अंगभर सुती कपडे, चिखल लागला तरी चालतील असे बूट, टोपी, धारदार कात्री आणि तळाशी वीतभर पाणी असलेली बादली पुरेशी आहे. अत्तर मात्र लावू नये, कारण त्या वासाने मधमाशा जवळ येतात. एरवी फुलांवर कामात गुंतलेली मधमाशी आपण होऊन माणसाच्या वाटेला जात नाही. कोणाला मधमाशीच्या दंशाची किंवा परागकणांची ॲलर्जी असेल, तर त्याचे औषध गाडीत न ठेवता खिशात ठेवावे.

शेतात दोन वाफ्यांमधल्या वाटेनेच चालावे. वाफ्यात पाय पडला की भुसभुशीत माती दबते आणि मुळांपर्यंत हवा व पाणी नीट पोहोचत नाही. छायाचित्रांच्या नादात हा नियम सर्वाधिक मोडला जातो. छायाचित्रांसाठीही सकाळच चांगली, विशेषतः सूर्यफुलांची. कोवळी सूर्यफुले दिवसभर सूर्यामागे वळतात, परंतु पूर्ण उमललेली फुले पूर्वेकडे तोंड करून स्थिरावतात. त्यामुळे दुपारनंतर त्यांच्या चेहऱ्यावर सावली येते आणि उजेड पाठीवर पडतो.

खरे कसब तोडणीत आहे, कारण प्रत्येक फुलाची तोडण्याची अवस्था निराळी असते. ग्लॅडिओलसच्या खालच्या एक-दोन कळ्यांमध्ये रंग दिसू लागला की दांडा कापावा, वरच्या कळ्या घरी क्रमाने उमलतात. याउलट डेलियाची कळी तोडली तर ती कळीच राहते, म्हणून ते जवळजवळ पूर्ण उमललेले घ्यावे. झिनियाची परीक्षा तर मजेशीर आहे: फुलाच्या खाली साधारण 20 सेंटिमीटरवर दांडा चिमटीत धरून हलकेच हलवावा, फूल लटलट डोलले तर दांडा अजून कोवळा आहे, ताठ राहिले तर तोडायला हरकत नाही. काप तिरका द्यावा, तो पानाच्या पेरावर घ्यावा म्हणजे झाडाला तिथून नवे फुटवे येतात, आणि पाण्यात बुडतील ती पाने लगेच काढून टाकावीत, कारण ती कुजली की पाणी नासते.

तोडणी आल्याआल्या उरकावी, की फिरून झाल्यावर करावी, यावर प्रत्येक चमूत वाद होतो. माझे मत पहिल्या बाजूने आहे, मात्र भरलेली बादली सावलीत ठेवता आली पाहिजे. एकदा आम्ही फुले बंद गाडीत ठेवून तासभर झाडाखाली गप्पा मारत बसलो. परतलो तेव्हा झिनिया दांड्यासकट वाकलेले होते आणि पाणी हाताला चक्क कोमट लागत होते.

घरी आल्यावर वाटणी करताना प्रत्येकाने दांड्यांची टोके पुन्हा थोडी कापावीत आणि फुलदाणीतले पाणी एक दिवसाआड बदलावे. पिकलेली केळी किंवा सफरचंदे शेजारी ठेवू नयेत, त्यांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर कोमेजतात. नर्गिसाच्या दांड्यातून चिकट रस पाझरतो आणि तो इतर फुलांना बाधतो, म्हणून ती फुले काही तास वेगळ्या पाण्यात ठेवून मगच, दांडे पुन्हा न कापता, इतरांत मिसळावीत. ज्याच्या घरी मांजर आहे त्याच्या वाट्याला लिली देऊ नये. तिची पाने, परागकण, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना घातक ठरते.