कारवारची ‘चपळ’ युद्धनौका सहकुटुंब पाहताना या चुका टाळा

कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर कायमची विसावलेली ‘आयएनएस चपळ’ ही नौदलाची क्षेपणास्त्रवाहू नौका संग्रहालय म्हणून अगदी लहान आहे. सावकाश पाहिली तरी तासाभरात पाहून होते आणि नेमक्या याच कारणाने गोव्याच्या सहलीला जोडून आलेली अनेक कुटुंबे ती घाईघाईने उरकतात. मुले तोफेपाशी एक फोटो काढून घेतात, मोठी माणसे आतल्या उकाड्याला वैतागून बाहेर येतात आणि परतीच्या वाटेवर “त्यात बघण्यासारखे काही नव्हते” असा निकाल दिला जातो. दोष नौकेचा नसतो. काय पाहायला चाललो आहोत हे आधी ठाऊक नसते, इतकेच.

पहिली चूक अपेक्षेची असते. युद्धनौका म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांसमोर ‘विक्रांत’ उभी राहते, तर ‘चपळ’ची लांबी सुमारे ३९ मीटर, म्हणजे एकामागे एक लावलेल्या साडेतीन एसटी गाड्यांएवढी आहे. निघण्यापूर्वीच मुलांना सांगावे की आपण मोठे जहाज पाहायला चाललेलो नाही, तर मोठ्या जहाजांना धडकी भरवणारी छोटी नौका पाहायला चाललो आहोत. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या क्षेपणास्त्र नौकांनी पोर्ट सईदजवळ इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका बुडवली, तेव्हा अशा बोटींकडे पाहण्याची जगभरच्या नौदलांची दृष्टी बदलली. तिथे वापरलेली पी-१५ क्षेपणास्त्रे सोव्हिएत बनावटीची होती आणि त्याच कुळातील क्षेपणास्त्रे ‘चपळ’वर होती. एवढी गोष्ट गाडीत सांगून झाली, तर नौकेचे लहानपण हाच तिच्यातला सर्वांत रंजक भाग ठरतो.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण ती चांगल्या हेतूने केली जाते. ‘चपळ’ने १९७१ च्या युद्धात कराचीवर हल्ला केला, असे सहलींच्या माहितीत वारंवार लिहिलेले आढळते आणि पालकही ते अभिमानाने मुलांना सांगतात. परंतु ही नौका भारतीय नौदलात दाखल झाली ती नोव्हेंबर १९७६ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यानंतर जवळपास पाच वर्षांनी. ती २००५ मध्ये निवृत्त झाली आणि त्यानंतर संग्रहालय म्हणून कारवारला आली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या क्षेपणास्त्र नौका ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या होत्या, त्यांच्या सोबतीला ‘किलतान’ आणि ‘कच्छाल’ होत्या, तर ८ डिसेंबरच्या रात्रीच्या दुसऱ्या हल्ल्यात ‘विनाश’ने क्षेपणास्त्रे डागली. नौदल दिन ४ डिसेंबरला का साजरा होतो, याचे उत्तर इथेच आहे.

मग ‘चपळ’चा आणि त्या रात्रीचा संबंध काय, असे एखादे चौकस मूल विचारेलच, आणि त्याचे उत्तर नौकेवरच दाखवता येते. कराचीवर गेलेल्या बोटी सोव्हिएत ‘ओसा’ वर्गाच्या पहिल्या पिढीतल्या होत्या. ‘चपळ’ त्याच वर्गाच्या सुधारित, दुसऱ्या पिढीतली आहे. जुन्या बोटींवर क्षेपणास्त्रे पेटीसारख्या चौकोनी आवरणांत ठेवलेली असत. नंतर दुमडणाऱ्या पंखांची क्षेपणास्त्रे आली, त्यांना जागा कमी लागू लागली आणि चौकोनी पेट्यांच्या जागी गोल नळ्या आल्या. ‘चपळ’च्या दोन्ही बाजूंना, दर बाजूला दोन याप्रमाणे चढत्या कोनात बसवलेले हे चार गोल प्रक्षेपक जमिनीवरूनही स्पष्ट दिसतात. १९७१ च्या बोटींची जुनी छायाचित्रे फोनमध्ये आधीच उतरवून न्यावीत आणि नौकेसमोर उभे राहून फरक मुलांनाच शोधायला सांगावा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा शोध कोणत्याही माहितीफलकापेक्षा अधिक काळ लक्षात राहतो.

वेळेची चूक सर्वांत सोपी आणि तरीही सर्रास होणारी. मडगावहून निघून, वाटेत न्याहारी करून कारवारला पोहोचेपर्यंत दुपार होते आणि भर उन्हात लोखंडी डेक इतका तापतो की कठड्याला हात लावणेही नकोसे वाटते. आतल्या दालनांत हवा खेळायला वाव कमीच. त्यापेक्षा सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावे. संग्रहालय कोणत्या वारी बंद असते आणि जेवणाची सुट्टी केव्हा असते, हे त्याच आठवड्यात दूरध्वनीवरून किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावे, कारण जुन्या माहितीवर विसंबून गेलेल्यांना कुलूप पाहून परतावे लागते. पावसाळ्यात ओले लोखंड निसरडे होते, म्हणून लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर दिवाळीनंतरचे दिवस बरे. रेल्वेने येणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की कारवार स्थानक गावाबाहेर शिरवाडला आहे आणि तिथून किनाऱ्यावर यायला रिक्षा करावी लागते.

चढउताराचा विचार आधी केलेला नसला की ऐन वेळी वाद होतात. डेकवर जाण्यासाठी जिना चढावा लागतो, आतल्या शिड्या उभ्या आहेत आणि दारे इतकी बुटकी की उंच माणसाला वाकूनच जावे लागते. शिवाय उंबरा चांगलाच उंच असतो, त्यामुळे एकाच वेळी डोके आणि नडगी दोन्ही सांभाळावी लागतात. आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना आग्रह करून वर नेऊ नये. बाहेरून तोफा, प्रक्षेपक आणि मागच्या बाजूचे पंखे शांतपणे पाहण्यातही बरेच काही मिळते. तान्ह्या बाळाला घेऊन दोघांनी एकदम आत शिरू नये, एकाने बाहेर थांबून आळीपाळीने जावे. चपला सपाट आणि घट्ट असाव्यात, एवढे सांगितले म्हणजे पेहरावाचा विषय संपतो.

आत शिरल्यावर एखाद्याला कोंडल्यासारखे वाटू लागले, तर धीर देत पुढे ढकलण्याऐवजी लगेच डेकवर आणावे. मुले कंटाळली असे वाटले, तर त्यांना फलक वाचून दाखवणे थांबवावे आणि प्रश्न द्यावेत: तीसेक माणसे इथे झोपत कुठे, स्वयंपाक कुठे होई, समुद्र खवळल्यावर भांडी जागेवर कशी राहत? गणवेशातील पुतळे पाहून खलाशांच्या कामांचा अंदाज बांधता येतो. तिथला कर्मचारी मोकळा असेल तर त्याला विचारायला संकोचू नये. कारवारात कोकणी सर्वत्र चालते आणि मराठीही बहुतेकांना कळते.

शेजारी उभे असलेले टुपोलेव्ह टीयू-१४२ विमान ‘बॉम्बफेकी जेट’ म्हणून दाखवले जाते, तेही चुकीचे आहे. ते लांब पल्ल्याचे टेहळणी आणि पाणबुडीविरोधी विमान आहे. त्याच्या चारही इंजिनांवर उलटसुलट दिशांनी फिरणाऱ्या पंख्यांची जोडी असते, ती मोजायला मुलांना सांगावे. १९८८ मध्ये ही विमाने नौदलात आली तेव्हा त्यांचा तळ गोव्यातच होता, पुढे ती तमिळनाडूतील अरक्कोणमला गेली आणि २०१७ मध्ये निवृत्त झाली. नौका आणि विमान दोन्ही पाहायचे असेल तर दोन तास हाताशी ठेवावेत, आणि गोव्याहून गाडीने येणाऱ्यांनी माजाळीच्या तपासणी नाक्यावर दारूच्या बाटल्यांसाठी डिकी उघडून पाहतात, हे लक्षात घेऊनच सामान भरावे.