अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधताय? या चुका टाळा

पंचवटीतल्या आमच्या घरी रविवारी दुपारी स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या टाइल लावून इंग्रजी शब्द बनवायच्या खेळाचा, बोर्ड मांडला जातो. खेळ संपला की कोणाकडून काय सुटलं ते मोबाइलवर, शब्द शोधून देणाऱ्या साइटवर बघायचं, ही आमची पद्धत. मागच्या पावसाळ्यात सातवीतली भाची फोन घेऊन आली. "मामा, माझ्याकडे अख्खं नाशिक आलं होतं आणि वर एक जी. पण ही साइट मला हँडशेकिंग दाखवतेय. एवढा लांब शब्द लावू कुठे?"

साइट बरोबर होती, प्रश्न चुकला होता. तिने एन-ए-एस-एच-आय-के ही अक्षरं 'असलेले शब्द' या रकान्यात भरली होती. त्याचा अर्थ, ही सहा हवीतच, बाकी कितीही चालतील. तिला विचारायचं होतं वेगळंच: माझ्या हातातल्या सात टाइलमधूनच काय बनतं? योग्य रकान्यात ती सहा आणि जी अशी सातही अक्षरं टाकली आणि पहिलाच शब्द आला, शेकिंग: एस-एच-ए-के-आय-एन-जी. अक्षरांचे १५ गुण, सातही टाइल एका डावात लावल्याचे वर ५०. बोर्डवरच्या रंगीत घरांचा फायदा धरलाच नाही तरी ६५. पोरगी हळहळली.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याच चुकीत जातो. म्हणून शोधायच्या आधी ठरवा: ही अक्षरं शब्दात असायला हवीत, की शब्द फक्त यांचाच व्हायला हवा, की अमुक अक्षर अमुक जागीच हवं? वर्डलला, म्हणजे पाच अक्षरी शब्द ओळखायच्या ऑनलाइन खेळाला, तिसरा प्रश्न लागतो, स्क्रॅबलला बहुतेक वेळा दुसरा. आणि नाशिक हा शब्द स्वतः चालत नाही, कारण विशेषनामं बाद. पण त्याची सहा अक्षरं हातात असली तर सातव्याची वाट जरूर बघा. ई आला तर हँकीज, म्हणजे हातरुमाल: एच-ए-एन-के-आय-ई-एस. व्ही आला तर नेव्हिश, म्हणजे लबाड: के-एन-ए-व्ही-आय-एस-एच. एम आला तर खमसिन, इजिप्तकडचा तप्त वारा.

दुसरी चूक खास आपली, मराठी कानाची. आपण शब्द ऐकून शोधतो, अक्षरं बघून नाही. 'फ' म्हटलं की एफ एवढंच डोक्यात येतं. पी-एच राहून जातं, आणि लाफमधलं जी-एच तर आठवतच नाही. 'व'चं त्याहून अवघड. आपल्याला एकच व, इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू दोन. दोघांचे गुण सारखेच, ४. पण डब्ल्यूचे वुई, आऊ असे दोन अक्षरी शब्द लागतात, व्हीचा एकही लागत नाही. कडेच्या अरुंद जागेत हा फरक फार महागात पडतो. मुलांना मी सांगतो, शब्द मनात उच्चारू नका, स्पेलिंग डोळ्यांसमोर आणा.

क्यू हाती आला की बरेच जण यूची वाट बघत बसतात. पूर्ण संचात १०० टाइल, त्यात यू चारच. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द पाठच करून टाका. फकीर क्यूने लिहिला तरी चालतो, एफ-ए-क्यू-आय-आर. कॉलिन्सच्या, म्हणजे स्पर्धांत चालणाऱ्या शब्दांच्या यादीत कव्वालीसुद्धा आहे, क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. 'आपला शब्द आहे, इंग्रजीत कसा चालेल' असं म्हणून लोक हातचे गुण सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. गोदाघाटावरचा घाट चालतो, पूजा चालते, लाख, रोटी, धोतीही चालतात.

यादी कुठली हे आधी ठरवा. अमेरिकेतली यादी वेगळी आहे. भारतातल्या स्पर्धांना कॉलिन्स लागते. बऱ्याच साइटवर आधीपासून अमेरिकन यादी निवडलेली असते, ती बदलून घ्या.

वर्डलमध्ये 'एकही शब्द सापडला नाही' असं आलं की दोष बहुधा दुहेरी अक्षराचा असतो. समजा उत्तर प्लेट आहे, पी-एल-ए-टी-ई, आणि तुम्ही गीस टाकलंत, जी-ई-ई-एस-ई. शेवटचा ई हिरवा होईल, म्हणजे अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर; आधीचे दोन करडे. करडा दिसला म्हणून ई 'नको'च्या रकान्यात टाकलात, की खरं उत्तरच यादीतून उडालं. त्या करड्याचा अर्थ एवढाच, की ई एकापेक्षा जास्त नाही. पिवळ्या अक्षराचंही असंच. ते शब्दात आहे हे लक्षात राहतं, पण त्या जागी नाही हे भरायचं राहतं.

कोणतंही अक्षर मानता येणाऱ्या कोऱ्या टाइलसाठी बहुतेक साइटवर प्रश्नचिन्ह टाकतात. तिचे गुण शून्य, म्हणून साइटने दाखवलेली बेरीज नेहमी तपासा.

आणि हे अगदी साधं वाटेल, पण फोनचा कीबोर्ड बघा. मराठी चालू राहिलेला असतो, किंवा सुचवलेला शब्द निवडल्यावर मागे एक स्पेस चिकटलेली असते. आमच्याकडे निम्म्या वेळा घोळ तिथेच सापडला आहे.

शोध नेहमी दुर्मीळ अक्षरापासून सुरू करा. खेळ बनवणारे आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून टाइलची संख्या ठरवली होती, म्हणूनच ई बारा आणि झेड एक. ई असलेले शब्द शोधायला गेलात तर अर्धा शब्दकोश समोर येईल. के किंवा जे धरून बघा, यादी लगेच आटोक्यात येते.

भाची आता आपल्या जिल्ह्यातली गावं घेऊन बसते. सिन्नरच्या अक्षरांना डी जोडला तर इनर्ड्स, ई जोडला तर इन्स्नेअर, हे तिने साइट न उघडता काढलं. निफाडवर अजून अडली आहे.