बंडूच्या ताटलीतली अंड्याची टरफलं

माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर एक काचेची बरणी असते. आतली पूड इतकी पांढरी आणि मऊ आहे की नणंदेने एकदा पिठीसाखर समजून चमचाभर कॉफीत घातली आणि बराच वेळ ढवळत बसली. विरघळेचना. ती बंडूची बरणी आहे, अंड्याच्या टरफलांची पूड. कुत्र्यासाठी घरी शिजवायचं मनात असेल तर चिकन आणायच्या आधी ही बरणी भरा, असं मी सगळ्यांना सांगते.

मला हे कळायला दीड वर्ष लागलं. बंडू बारा किलोचा, नसबंदी झालेला, पाच वर्षांचा. दीड वर्ष मी त्याला चिकन, भात आणि गाजर घालत होते. ताजं, मऊ, बिनमसाल्याचं. तो ताटली लखलखीत करायचा आणि मला वाटायचं, आपण जिंकलो. मग लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरून उलटा हात फिरवला आणि मूठभर केस हातात आले.

"काय खातो हा?"

मी अभिमानाने सांगितलं.

"छान. आणि कॅल्शियम कुठून येतं, ताई?"

"अर्धी वाटी दूध देते की रोज."

त्यांनी कागद ओढला. बंडूला दिवसाला साधारण ७०० कॅलरी लागतात. पशुखाद्याची मानकं ठरवणारी आफ्को नावाची अमेरिकेतली संस्था आहे, तिच्या हिशेबाने वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला दर १००० कॅलरींमागे किमान १.२५ ग्रॅम कॅल्शियम हवं. म्हणजे बंडूला ०.९ ग्रॅम. अर्ध्या वाटी दुधात जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. नुसत्या दुधावर भागवायचं तर रोज पाऊण लिटर पाजावं लागेल, आणि मग पोट बिघडेल ते वेगळंच. दिवसाच्या चिकनमध्ये कॅल्शियम वीस-पंचवीस मिलीग्रॅम, फॉस्फरस मात्र ५०० मिलीग्रॅमच्या आसपास. हवं उलटं. कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीने, जास्तीत जास्त दुप्पट.

केस गळण्याचं कारण कॅल्शियम नव्हतं, ते पुढे सांगते. पण कॅल्शियमची गोष्ट मला जास्त लागली, कारण दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासणं हा माझा धंदा आहे. "पण रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम बरोबर होतं," मी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, ते बरोबरच दिसणार. रक्तातलं कॅल्शियम घसरायला लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून ते भरून काढतात. मी घरी येईपर्यंत तेच घोळवत होते. खात्यावर शिल्लक दिसते, पण मुद्दल मोडून आणलेली.

तर पूड. अंडी फोडली की टरफलं धुऊन बाजूला ठेवायची. दहा-बारा जमली की दहा मिनिटं उकळायची, पसरून कडकडीत वाळवायची आणि मिक्सरमध्ये फिरवायची. पहिल्यांदा मी लवकर थांबले. बोटांत चोळली तर वाळूसारखी करकर लागली. अशी पूड घशात टोचते आणि नीट पचतही नाही. पुन्हा फिरवा, बारीक चाळणीतून चाळा, चाळणीवर उरेल ते परत मिक्सरमध्ये. दोन बोटांत घेतल्यावर टाल्कम पावडरसारखी सरकली की झाली. टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटच असतं. एक ग्रॅम पुडीत साधारण ३८० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळतं.

पुढे जाण्याआधी एक अट. हे सगळं निरोगी, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यासाठी आहे. पिल्लं, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री, किडनी, स्वादुपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असलेली कुत्री यांच्यासाठी पशुवैद्याकडून वेगळा आहार लिहून घ्या. विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडलं तरी हाडं बिघडतात आणि जास्त झालं तरीही. तिथे माझी बरणी वापरू नका.

आता किती द्यायचं. दुप्पट वजनाच्या कुत्र्याला दुप्पट जेवण लागत नाही, म्हणून साधा गुणाकार चालत नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर असं करा: वजनाचा आकडा तीनदा एकमेकांशी गुणा, मग वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, येईल त्याला ७० ने गुणा. बंडूचे बारा किलो. १२ गुणिले १२ गुणिले १२ म्हणजे १७२८, पहिल्या वर्गमुळाला ४१.५७, दुसऱ्याला ६.४५, गुणिले ७० म्हणजे ४५१. नुसतं पडून राहायला एवढ्या कॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या, थोडंफार हिंडणाऱ्या कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणायचं. ७२२ आले. आमचा बंडू सोफ्यावरचा संत आहे, म्हणून मी ७०० वर ठेवते. हा सुरुवातीचा आकडा. पुढचं वजनकाटा सांगेल.

मी चार दिवसांचं एकदम करते, रविवारी सकाळी. हाडं आणि कातडी काढलेली चिकनची मांडी १,१०० ग्रॅम, चिकनची कलेजी ८० ग्रॅम, तांदूळ २५० ग्रॅम, अंडी तीन, गाजर, लाल भोपळा आणि फरसबी मिळून ४०० ग्रॅम, सूर्यफुलाचं तेल चार छोटे चमचे. सगळं वजन कच्चं. याच्या अंदाजे २,८०० कॅलरी होतात, म्हणजे दिवसाला ७००. तुमचा कुत्रा लहान-मोठा असेल तर सगळंच त्या प्रमाणात कमी-जास्त करा. फक्त भात वाढवून भागवू नका. महिन्याचा हात आखडला की तो मोह होतो, मला माहीत आहे.

कलेजी प्रेमाने वाढवू नका. तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि ते शरीरात साठत जातं. बंडूला कलेजीचा वास आला की तो ओट्याशी दोन पायांवर उभा राहतो, तरी ऐंशी म्हणजे ऐंशी.

कृती सोपी आहे. मोठ्या पातेल्यात चिकनचे तुकडे बुडतील इतकंच पाणी, मध्यम आच. उकळी आली की धुतलेले तांदूळ घालायचे, लागेल तसं पाणी वाढवायचं. भाज्या अगदी बारीक किसून घालायच्या. कुत्रं चावत नाही, गिळतं, आणि गाजराचा मोठा तुकडा जसा गेला तसाच दुसऱ्या दिवशी अंगणात दिसतो. तांदूळ बोटाने चेपला की पीठ झाला पाहिजे. आपल्याला मोकळा भात आवडतो, त्याला गिचका भात पचतो. शेवटच्या दहा मिनिटांत कलेजी आणि फेटलेली अंडी. अंडी कच्ची देऊ नका. कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवतं, शिजवलं की तो प्रश्न मिटतो. पाणी मात्र फेकायचं नाही. खनिजं आणि ब जीवनसत्त्वं त्यात उतरलेली असतात, ती भातात जिरू द्यायची.

आता वाटणी. रिकाम्या पातेल्याचं वजन मी कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवलंय, १,२४० ग्रॅम. सगळं गार झालं की भरलेलं पातेलं काट्यावर ठेवायचं, त्यातून १,२४० वजा करायचे, उरेल त्याला आठने भागायचं. चार दिवस, दिवसातून दोन वेळा. पाणी कमी पडलं, जास्त झालं, भात आटला, तरी कॅलरींची वाटणी चुकत नाही. वाटीने मोजायचे तेव्हा माझी वाटी मूडप्रमाणे भरायची.

गार झाल्यावर, वाटणी करायच्या आधी, तेल आणि पूड. या पातेल्याला दहा ग्रॅम पूड, काट्यावर मोजून. चमच्याचा अंदाज फसवतो, कारण पूड बसली की त्याच चमच्यात जास्त मावते. दहा ग्रॅममध्ये ३.८ ग्रॅम कॅल्शियम येतं आणि चार दिवसांना किमान ३.५ लागतं. तळापासून नीट कालवा, नाहीतर एका डब्यात सगळं जातं.

इथे बहुतेक लोक थांबतात. मीही थांबले असते. पण बंडूचे केस गळत होते ते डॉक्टरांच्या मते जस्त आणि तेलातल्या आवश्यक मेदाम्लांच्या कमतरतेने. चिकन-भात-भाजीत जस्त, आयोडीन, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्व यांपैकी काही ना काही तोकडं पडतंच. उन्हात बसतो म्हणून ड मिळत असेल, हेही खरं नाही. कुत्र्याच्या कातडीत ऊन लागून पुरेसं ड बनत नाही, ते पोटातूनच जावं लागतं. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींत निदान एक आवश्यक घटक कमी निघाला. "आलटून पालटून दिलं की भरून निघतं" हा माझा जुना युक्तिवाद होता. सगळ्याच पाककृतींत जस्त कमी असेल तर आलटूनपालटून तेच कमी पडणार.

म्हणून व्हिटॅमिन-मिनरल मिश्रण घ्यावंच लागतं. ते 'घरी शिजवलेल्या जेवणासाठी' बनवलेलं आहे ना, ते डब्यावर वाचा. तयार खाद्यावर वरून घालायची टॉनिकं वेगळी असतात, त्यांनी ही तूट भरत नाही. दुसरं, मिश्रणात कॅल्शियम आधीच असेल तर टरफलाची पूड तेवढी कमी करा किंवा बंद करा. एकच रक्कम दोनदा जमा करायची नाही. आणि तुमची पाककृती आणि मिश्रणाचं लेबल, दोन्ही एकदा डॉक्टरांना दाखवा. मिश्रण जेवणाच्या वेळी, कोमट ताटलीत घाला, आचेवर नको. माशाचं तेलही तसंच, मात्रा डॉक्टर सांगतील तेवढी.

काय द्यायचं नाही, ते मी फ्रिजवर चिकटवलंय, कारण घरात मी एकटीच शहाणी नाही. कांदा, लसूण, कच्चे असोत की शिजलेले किंवा पूड केलेले, तांबड्या पेशी फोडतात. हे दोन्ही तयार सूपच्या वडीत आणि पाकीटबंद रश्श्यात लपलेले असतात, म्हणून मी चिकन साध्या पाण्यातच शिजवते. द्राक्षं, बेदाणे, मनुका किडनीला. चॉकलेट. मॅकाडेमिया नट. दारू, कच्चं यीस्टचं पीठ. शिजवलेली हाडं, कारण ती फुटून सुयांसारखी होतात. आणि झायलिटॉल, जे गोडीसाठी बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि काही शेंगदाणा बटरमध्ये असतं. त्याने काही मिनिटांत रक्तातली साखर कोसळू शकते. यातलं काही पोटात गेलं तर लक्षणांची वाट बघत बसू नका, फोन उचला.

"कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला भात कशाला" असं म्हणणारे एक काका मला फिरायला जाताना भेटतात. २०१३ मध्येच स्वीडनमधल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याचा हा परिणाम. काकांना सांगून झालं, पटलं नाही. ते कच्चं मांस देतात. मी देत नाही, कारण साल्मोनेलाचे जंतू कुत्र्याने पचवले तरी तो ताटली चाटून माझ्या नातीचं तोंड चाटतो.

जुन्या जेवणावरून नव्यावर आठ-दहा दिवसांत या. आधी पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण. जुलाब लागले तर एक पायरी मागे. घरच्या जेवणात पाणी खूप असल्याने तो पाणी कमी प्यायला लागेल, घाबरू नका. शीही कमी होते.

आठ डब्यांपैकी चार फ्रिजमध्ये, चार फ्रीझरमध्ये, झाकणावर तारीख. फ्रीझरमधला डबा आदल्या रात्री खाली उतरवायचा, ओट्यावर ठेवून वितळू द्यायचा नाही.

खाऊचं काय, हे नवरा विचारतो, कारण टेबलाखाली बिस्किटं त्याचीच पडतात. दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्के, म्हणजे बंडूला ७०. दोन-तीन बिस्किटांत संपतात. तेवढं जेवणातून काढायचं, पण त्याहून जास्त काढलं तर जस्त-कॅल्शियमही निघून जातं. म्हणून त्याच्या खिशात आता मी काकडीचे तुकडे ठेवते. बंडू ते घेतो आणि नवऱ्याकडे असा काही बघतो की बास.

दर पंधरा दिवसांनी वजन. मी बंडूला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहते, मग एकटी. माझं वजन घरात सगळ्यांना कळतं, इलाज नाही. मग बरगड्या चाचपते. हाताची मूठ वळून बोटांची टेकाडं चाचपली तशा टोकदार लागल्या तर तो हडकतोय, सरळ हाताच्या पाठीसारख्या लागल्या तर ठीक, तळहातासारख्या मऊ लागल्या तर सुटतोय. गेल्या रविवारी १२.४ भरला आणि बरगड्या तळहाताकडे झुकल्या होत्या. पातेल्याचे आठऐवजी नऊ भाग केले, नववा डबा फ्रीझरमध्ये टाकला आणि नवऱ्याचे खिसे तपासले.