लहान बोटीवरील जखमीला हेलिकॉप्टरने उचलताना घ्यावयाची काळजी

हेलिकॉप्टर बोटीच्या माथ्यावर आले की पंख्याच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. म्हणून ठरवायचे ते सारे आधीच ठरवून प्रत्येकाला त्याचे काम समजावून सांगितले पाहिजे.

मदत व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल 16 वर मागावी. जिवाला तातडीचा धोका असेल तर ‘मेडे’, तितका नसेल तर ‘पॅन-पॅन’ म्हणून हाक द्यावी आणि बोटीचे अक्षांश-रेखांश, तिचा रंग व बांधणी, वाऱ्याची दिशा आणि जखमीची अवस्था सांगावी. हेलिकॉप्टर येईपर्यंतच्या वेळात शिडे उतरवून घट्ट बांधावीत आणि डेकवरील सुटी दोरखंडे, गाद्या, ताडपत्री खाली न्याव्यात, कारण पंख्याच्या झोताने उडालेली एखादी वस्तू पंख्यात किंवा इंजिनात शिरली तर हेलिकॉप्टरच संकटात सापडते. सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे. जखमीला काय झाले, कोणते औषध किती वाजता दिले, रक्त थांबवण्यासाठी पट्टा आवळला असल्यास तो केव्हा आवळला, हे कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या अंगाशी पक्के बांधावे.

हेलिकॉप्टर दिसू लागल्यावर हातात धरायची मशाल किंवा नारिंगी धूर वापरता येतो, मात्र पॅराशूट रॉकेट, म्हणजे आकाशात उंच उडणारा इशाऱ्याचा प्रकाश, मुळीच सोडू नये. रात्री टॉर्चचा झोत वैमानिकाच्या दिशेने जाऊ देऊ नये. विंचचे, म्हणजे तारेने माणसाला वर ओढणाऱ्या यंत्राचे, दार बहुधा हेलिकॉप्टरच्या उजव्या अंगाला असते, त्यामुळे वारा बोटीच्या पुढच्या टोकाच्या डावीकडून, साधारण 30 अंशांवरून घ्यायला सांगतात; तरीही वैमानिक जी दिशा देईल तीच अंतिम मानावी. सुकाणूवरच्या माणसाने वर पाहण्याचा मोह आवरून ती दिशा आणि वेग न बदलता टिकवावा, कारण डोलणाऱ्या लहान बोटीच्या माथ्यावर स्थिर राहणे वैमानिकाला आधीच अवघड असते.

डोलकाठीमुळे तार थेट खाली सोडता येत नसेल तर तार बोटीकडे ओढून घेण्यासाठी आधी वजन लावलेली एक बारीक दोरी सोडतात. तिला बोटीचा किंवा पाण्याचा स्पर्श झाल्यावरच, हातमोजे घालून, एकाने ती धरावी. सांगतील तेव्हाच ओढावी आणि दुसऱ्याने तिचा वेटोळा बादलीत जमा करावा. ही दोरी किंवा विंचची तार बोटीला कधीही बांधू नये, हाताभोवती गुंडाळू नये. एका गाठीने बोट आणि हेलिकॉप्टर जखडली जातात, आणि मग वर असलेल्यांना तार तोडावी लागते. तारेच्या टोकाचा आकडाही आधी पाण्याला किंवा बोटीला लागू द्यावा, नाहीतर उडताना हेलिकॉप्टरवर साठलेल्या स्थिर विजेचा जोरदार झटका बसतो.

विंचवरून बचावकर्मी खाली आला तर पुढचे सारे त्याच्या सांगण्याप्रमाणे करावे. तो येत नसेल आणि नुसता पट्टा आला, तर तो जखमीच्या काखांखालून घेऊन छातीवर घट्ट करावा व हात अंगालगत खाली ठेवायला सांगावे, कारण हात वर गेले की माणूस पट्ट्यातून निसटतो. बराच वेळ थंड पाण्यात राहिलेल्याला उभे उचलल्यास रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. त्याला शक्य तितके आडवे उचलावे लागते, म्हणून हे रेडिओवर आधीच सांगावे. पाठीच्या कण्याला इजा झाल्याची शंका असल्यास स्ट्रेचरच मागावा.

जखमी सुखरूप वर गेल्यावर बारीक दोरी सूचनेप्रमाणे हळूहळू सोडत जावे, आणि मग बोटीवर किती माणसे राहिली व ती कोठे निघाली, हे किनाऱ्यावरील केंद्राला कळवावे.